भूऔष्णिक प्रात्यक्षिक प्रकल्प: सरकारकडे पैसा विहिरीसाठी मागा

प्रश्न असा आहे: पुण्यातली एक लहान अभियांत्रिकी कंपनी बायनरी वीजसंयंत्रे बनवू शकते. म्हणजे गरम पाण्याने पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव तापवायचा आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचे. कंपनीला जमिनीखालच्या उष्णतेवर १ मेगावॉटपर्यंतचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारायचा आहे. सरकारकडून कोणती मदत मिळते, प्रस्ताव कसा मांडावा आणि कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर हे जमेल का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. कोकणातल्या झऱ्यांवर वीज बनवणे परवडणार नाही, उष्णता मात्र कामाला लावता येईल. त्याचा हिशेब खाली आहे.

या प्रश्नात कंपनी काय बनवते ते आले आहे, जमिनीखाली काय आहे ते आलेलेच नाही. फसलेले बहुतेक प्रस्ताव असेच लिहिलेले असतात. बायनरी संयंत्र चालते हे आता कुणाला दाखवून द्यायची गरज उरलेली नाही, जगभर ती दशकानुदशके चालू आहेत. दाखवायचे आहे ते वेगळे: या ठिकाणची जमीन इतक्या तापमानाचे इतके पाणी वर्षानुवर्षे देईल का, आणि वापरलेले पाणी परत जमिनीत घालता येईल का. म्हणून सरकारी पैसा मागायचा तो विहिरीसाठी. यंत्राला बँक कर्ज देते, कोरड्या निघू शकणाऱ्या विहिरीला देत नाही. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१३ मध्ये जगभरच्या दोन हजारांहून अधिक विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शोधटप्प्यातल्या विहिरींचे यश ६० टक्क्यांच्या किंचित खाली निघाले. दर पाच विहिरींत दोन वाया जाणार असतील, तर त्यावर कर्ज कोण देईल?

१ मेगावॉटला किती पाणी लागते, ते आधी पाहू. विहिरीतून १२० अंश सेल्सिअसचे पाणी आले आणि उष्णता काढून ते ७० अंशांवर सोडले, तर दर किलो पाण्यामागे सुमारे २१० किलोज्यूल उष्णता हाती येते. या तापमानाला बायनरी संयंत्राची कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास धरावी. म्हणजे सेकंदाला १ किलो पाण्यावर २१ किलोवॉट वीज, आणि १ मेगावॉटला सेकंदाला जवळपास ४८ किलो पाणी. त्यातून विहिरीचा पंप, कार्यद्रवाचा (म्हणजे पेंटेनसारख्या द्रवाचा) पंप, पाणी परत घालणारा पंप आणि संघनकाचे (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या भागाचे) पंखे मिळून २० ते ३० टक्के वीज खातात. तारेवर जाते ती ७०० ते ८०० किलोवॉट. प्रस्तावात नुसते '१ मेगावॉट' लिहिले की तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न येतो, स्थूल की निव्वळ? दोन्ही आकडे स्वतःहून द्या.

सरकारने प्रात्यक्षिक प्रकल्पाला पैसा दिला की काय काय होऊ शकते, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या १९७०च्या दशकातल्या कार्यक्रमात आहे. तेलसंकटानंतर तिथे १९७४ मध्ये भूऔष्णिक संशोधन, विकास आणि प्रात्यक्षिक कायदा झाला. प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी आणि मोठ्या प्रात्यक्षिक प्रकल्पांत थेट भागीदारी, अशा दोन्ही वाटा त्यातून खुल्या झाल्या.

न्यू मेक्सिकोतला बाका प्रकल्प ५० मेगावॉटचा होता. ऊर्जा विभाग, एक तेल कंपनी आणि वीज कंपनी यांचा १९७८ मध्ये करार झाला. संयंत्राचा आराखडा आणि यंत्रांची खरेदी विहिरींच्या बरोबरीने पुढे सरकली. विहिरीमागून विहीर खोदली, पण ५० मेगावॉटला लागणाऱ्या वाफेच्या निम्मीही हाती लागेना, आणि १९८२ मध्ये प्रकल्प गुंडाळला. उष्णता भरपूर होती, खडकात पाणी वाहायला वाटा नव्हत्या. तापमान आणि पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज वाहते ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, तरी प्रस्तावांत सर्रास बांधला जातो.

कॅलिफोर्नियातल्या हीबरचे दुखणे वेगळे. तिथले बायनरी संयंत्र निव्वळ ४५ मेगावॉटचे, १९८५ मध्ये सुरू झाले. यंत्र ठीक होते, पण गरम पाणी पुरवणारा एक आणि वीज बनवणारा दुसरा, अशी विभागणी होती. ठरलेला प्रवाह कधीच पूर्ण मिळाला नाही, संयंत्र पूर्ण क्षमतेने कधीच चालले नाही आणि दोन वर्षांत बंद पडले. विहिरी एकाच्या आणि टर्बाइन दुसऱ्याचे असेल, तर प्रवाह आणि तापमान घटल्यास पैसे कोण भरणार हे करारात आकड्यांनी लिहिलेले हवे.

तिसरा प्रकल्प आयडाहोतला राफ्ट रिव्हर, ५ मेगावॉटचा. १९८१-८२ च्या सुमारास थोडा काळ चालला. वीज फारशी मिळाली नाही आणि सरकारचे प्राधान्यही बदलले होते. संयंत्र उचलून नेले. पण विहिरी जागेवर राहिल्या, त्यांच्या नोंदीही राहिल्या. पंचवीसेक वर्षांनी एका खासगी कंपनीने त्याच विहिरी वापरून तिथे नवे संयंत्र उभारले आणि २००८ पासून व्यापारी वीज विकली. सरकारच्या हिशेबात जे 'अपयश' होते, त्यातून एक तयार क्षेत्र मिळाले. यंत्रावर खर्चलेला पैसा भंगारात जातो. नीट बांधलेली, नीट नोंदलेली विहीर पिढीभर टिकते.

हाच विचार अमेरिकेने पुढे युटामधल्या फोर्ज या भूमिगत प्रयोगशाळेत नेला. २०१८ मध्ये निवडलेल्या त्या जागी वीजनिर्मितीचे उद्दिष्टच नाही. ग्रॅनाइटात तिरक्या विहिरी खोदायच्या, खडक फोडून दोन विहिरींमध्ये पाणी फिरवायचे आणि सगळी मोजमापे जगासाठी खुली ठेवायची. शेजारीच आता एक खासगी कंपनी मोठा प्रकल्प उभारते आहे.

मदतीच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत, आणि कोणती कुठे लागू पडते हे कळले की आपण नेमके काय मागावे हेही कळते. पूर्व आफ्रिकेसाठी २०१२ पासून जोखीम निवारण निधी आहे. तो पृष्ठभागावरच्या सर्वेक्षणाला ८० टक्क्यांपर्यंत आणि खात्रीच्या, म्हणजे खाली गरम पाणी खरोखर आहे हे पडताळणाऱ्या, विहिरींना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान देतो. केनियाने याच्याही पुढे जाऊन २००८ मध्ये सरकारी कंपनीच स्थापली. ती विहिरी खोदते आणि खासगी उत्पादकांना वाफ विकते, म्हणजे कोरड्या विहिरीचा तोटा सरकारच्या पदरी. तुर्कीत जागतिक बँकेच्या मदतीने विमा-पद्धत आहे. विहीर ठरलेल्या निकषाला उतरली नाही तर खोदकामाच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा, ४० ते ६० टक्के, परत मिळतो, उतरली तर काही मिळत नाही. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरातल्या घरतापन-विहिरींसाठी १९८०च्या दशकापासून सामाईक निधी चालतो. त्याचे दोन भाग आहेत, एक पहिली विहीर फसली तर, आणि दुसरा पुढे वर्षानुवर्षांत तापमान किंवा प्रवाह उतरला तर. जिथे शेकडो विहिरी खोदल्या गेल्या आहेत तिथेच विमा चालतो, कारण शक्यतेचा आकडा हाती असतो. भारतात तेवढ्या विहिरीच नाहीत. इथे सध्या थेट अनुदान किंवा सरकारी कंपनीबरोबर भागीदारी, एवढेच व्यवहार्य आहे.

भारतातला आजवरचा अनुभव प्रस्तावाच्या पहिल्या दोन पानांत यायलाच हवा. तपासणाऱ्या समितीला तो पाठ असतो, आणि तुम्हाला माहीत नाही असे दिसले की फाइल तिथेच मंदावते. हिमाचलातल्या मणिकरणला ५ किलोवॉटचे प्रायोगिक बायनरी संयंत्र होते, जोडीला उष्णतेवर चालणारे छोटे शीतगृह. दरड कोसळल्याने ते संपले. छत्तीसगडच्या बलरामपूर जिल्ह्यातल्या तातापानीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खोदलेल्या बोअरांमधून ११० अंशांच्या आसपासचे पाणी साडेतीनशे मीटरच्या आत मिळाले. तिथे ३०० किलोवॉटचे संयंत्र ठरले होते, पुढे २०१३ मध्ये एनटीपीसीनेही राज्य सरकारशी करार केला, वीज मात्र आली नाही. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॉटचे संयंत्र कोळसा मंत्रालयाच्या विज्ञान-तंत्रज्ञान निधीतून चालवून दाखवले. तिथे बोअरमधून गरम पाणी आधीपासूनच वाहत होते, खोदकामाची जोखीम नव्हती. म्हणूनच ते झाले.

आणि लडाखमधले पुगा खोरे. उंची सुमारे ४,४०० मीटर, झऱ्यांचे पाणी ८४ अंशांचे, म्हणजे त्या उंचीवरचा उत्कलनबिंदूच जवळपास. १९७०च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे ३४ बोअर पाडले. सर्वांत खोल ३८५ मीटरच्या आत, कमाल तापमान १४० अंशांपर्यंत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी एनर्जी सेंटर, लडाख प्रशासन आणि लेह पर्वतीय परिषद यांच्यात १ मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासाठी त्रिपक्षीय करार झाला. खोदकाम सुरू झाल्यावर २०२२ मध्ये विहिरीतला गरम द्रव पुगा नाल्यात उतरला आणि काम थांबवावे लागले. हे का होते आणि कसे टाळायचे, त्यावर खाली सविस्तर येईल, कारण प्रस्तावातली सर्वांत दुबळी बाजू बहुधा तीच असते.

आता दार कुठले ठोठवायचे? नोडल मंत्रालय म्हणजे नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात विजेबरोबर थेट उष्णतावापर, जमिनीतल्या उष्णतेवरचे पंप आणि जुन्या तेलविहिरींचा पुनर्वापर हेही आले आहे. पैसा मात्र मुख्यतः मंत्रालयाच्या संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रमातून येतो. त्यात सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना १०० टक्क्यांपर्यंत, तर उद्योग, नवउद्योग आणि खासगी संस्थांना ७० टक्क्यांपर्यंत साहाय्य, अशी रचना राहिली आहे. यातून सरळ वाट दिसते. विहिरी, सर्वेक्षण आणि चाचण्या सरकारी संस्थेच्या नावावर मुख्य अर्जदार म्हणून घाला, आणि तुमची कंपनी सह-अर्जदार म्हणून फक्त संयंत्राचा भाग घेऊ दे. विहीर तुमच्या नावावर असेल तर ३० टक्के वाटा तुमचा, आणि विहीर कोरडी गेली तर तो बुडीत. संयंत्राचे ३० टक्के बुडत नाहीत, कारण यंत्र कंटेनरवर बसवलेले असेल तर दुसरीकडे हलवता येते.

प्रस्ताव टप्प्यांत लिहा आणि प्रत्येक टप्प्याला थांबण्याचा निकष आकड्यात द्या. 'थांबणे' हा शब्द अर्जदारांना अशुभ वाटतो, समितीला मात्र तोच हवा असतो.

पहिला टप्पा पृष्ठभागावरचा: भूवैज्ञानिक नकाशा, पाण्याचे रसायन, मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण (खडकांची विद्युतवाहकता जमिनीवरूनच मोजणे). पाण्याचा नमुना घेण्यात जितकी हेळसांड होते तितकी दुसऱ्या कशात होत नसेल. तापमान, सामू आणि वाहकता झऱ्यावरच मोजायची, प्रयोगशाळेत नव्हे. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून धनायनांच्या बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, ऋणायनांची बाटली आम्लाशिवाय. सिलिकासाठीचा तिसरा नमुना जागेवरच दहापट शुद्ध पाण्याने पातळ करायचा, नाहीतर थंड होताना सिलिका गोठून बसते आणि आकडा कमी येतो. मग भूतापमापक सूत्रे लावायची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांवरून खोलवरचे तापमान काढायचे. सोडियम-पोटॅशियमचे सूत्र २२० अंश सांगते आणि सिलिकाचे १५०, असे हमखास होते. त्याचा अर्थ बहुधा असा, की वर येताना पाण्यात थंड पाणी मिसळते आहे किंवा वाटेत रासायनिक समतोल बदलला आहे. अर्जदार त्यातला मोठा आकडा उचलून मथळ्यात टाकतात. दोन्ही द्या, आणि आराखडा लहान आकड्यावर करा.

दुसरा टप्पा बारीक व्यासाच्या शोधबोअरांचा. येथे एक नेहमीचा सापळा आहे. वरच्या दोनशे मीटरांत तापमान झपाट्याने चढते, कागदावर रेष पुढे ओढली की हजार मीटरवर तीनशे अंश दिसतात. खोदायला गेले की तापमान एका खोलीनंतर स्थिर होते किंवा उलटे उतरू लागते, कारण गरम पाणी खालून सरळ वर येत नसते, बाजूच्या एखाद्या भेगेतून येऊन उथळ थरातून आडवे पसरत असते. म्हणून किमान तीन शोधबोअर हवेत, एका रेषेत नव्हे, त्रिकोणात. आणि तापमानाची नोंद खोदकाम संपल्या दिवशी घेतलेली निरुपयोगी, कारण खोदताना बोअरमध्ये फिरवलेला चिखल खडकाला थंड करून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अशी तीनदा नोंद घ्यायची. समितीला तिन्ही वक्र दाखवले की तुमचे अर्धे काम झाले.

तिसरा टप्पा खात्रीची विहीर. इथे केसिंग (विहिरीत उतरवलेली पोलादी नळी) आणि तिच्याभोवतीचे सिमेंट यांवर कंजूषी केली की सगळे जाते. ११० अंशांच्या वर साधे सिमेंट कालांतराने ताकद गमावते, म्हणून सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिका पूड मिसळावी लागते. सिमेंट केसिंगच्या तळापासून जमिनीपर्यंत सलग आले पाहिजे. दोन केसिंगच्या मध्ये पाण्याची थैली अडकली, की विहीर गरम झाल्यावर ते पाणी प्रसरण पावते आणि आतले केसिंग चिरडते. हा दोष पाण्याच्या बोअरवाल्या ठेकेदाराला माहीत नसतो, कारण त्याची विहीर कधी तापलेलीच नसते. उथळ खोलीतच उकळत्या तापमानाचे पाणी असलेल्या पुगासारख्या जागी पहिले केसिंग बसेपर्यंत झडप लावायला आधारच नसतो. म्हणून पृष्ठभागाचे केसिंग घट्ट थरात उतरवून, सिमेंट पक्के झाल्यावरच पुढे खोदायचे. स्फोटरोधक झडप आणि थंड पाण्याचा भरपूर साठा रिगजवळ तयार हवा. खोदताना चिखलाचे पाणी अचानक भेगांत गडप झाले, तर पाण्याचा स्तंभ उतरतो, दाब कमी होतो आणि विहीर उसळते. ठेकेदाराला हा अपघात वाटतो, पण पारगम्य भेग सापडल्याची ती पहिली खूण असते.

ठेका कसा द्यायचा यावरही प्रकल्प मरतात. 'इतके मीटर, इतके रुपये' असा ठोक ठेका सर्वांत कमी बोलीवाल्याला दिला, की चिखल गडप होताच तो काम थांबवतो, कारण पुढचे नुकसान त्याच्या खिशातून जाणार असते. दिवसाच्या भाड्याने रिग, वाट पाहण्याचा वेगळा दर, आणि केसिंग-सिमेंटचे साहित्य प्रकल्पाने स्वतः आधी घेतलेले, हीच पद्धत टिकते.

चौथा टप्पा चाचणीचा. विहीर पहिल्या दिवशी जोरात वाहते. तो साठलेला दाब असतो, क्षमता नव्हे. तीन दिवसांच्या चाचणीवर संयंत्राचा आकार ठरवणे म्हणजे पगाराच्या दिवशीची शिल्लक पाहून गृहकर्ज घेणे. किमान ३० दिवस सलग वाहू द्या, शेजारच्या बोअरांत दाब मोजत राहा. आता यातली अडचण पाहा. सेकंदाला १५ किलो पाणी ३० दिवस सोडले, तर सुमारे ३९,००० घनमीटर होते. एवढे गरम पाणी जाणार कुठे? भूऔष्णिक पाण्यात बोरॉन, फ्लोराइड, आर्सेनिक असू शकतात. पुग्याचा नाला पुढे सिंधूला मिळतो, कुरणांवर चांगपा पशुपालकांची जनावरे चरतात, आणि परिसर चांगथांग अभयारण्याचा आहे. प्लॅस्टिक अंथरलेला खड्डा लहान चाचणीला पुरतो, महिन्याच्या नाही. म्हणून पाणी परत घालणारी दुसरी विहीर दीर्घ चाचणीच्या आधी खोदलेली असली पाहिजे. बहुतेक प्रस्तावांत ती 'पुढच्या टप्प्यात' ढकललेली असते. समितीने तेवढे एक पान वाचले तरी प्रस्ताव नाकारायला पुरे.

परत घालण्याच्या विहिरीचेही दोन धोके. ती फार जवळ असली तर थंड पाणी उत्पादन विहिरीपर्यंत पोचून तापमान उतरवते. फार लांब असली तर दाब राखायला उपयोग होत नाही. नेमके अंतर सूत्राने निघत नाही. रंगद्रव्य किंवा तत्सम मागकाढू रसायन एका विहिरीत सोडून दुसरीत ते किती दिवसांनी येते ते मोजावे लागते. या चाचणीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहा.

पाचवा टप्पा संयंत्र. हे तुमचे क्षेत्र असल्याने उंचीबद्दलच बोलतो. ४,४०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी. हवेने थंड होणाऱ्या संघनकाला तितकीच उष्णता काढायला दीडपट हवा लागते, पंखे आणि नळ्यांचे क्षेत्र त्या मानाने वाढवा. मोटारी, रोहित्रे आणि स्विचगिअर हजार मीटरच्या वर क्षमता घटवून वापरायचे असतात, नेहमीच्या तक्त्यातला आकडा चालत नाही. कार्यद्रवाची निवडही बदलते. हिवाळ्यात संघनक शून्याखाली जाईल. त्या तापमानाला पेंटेनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, बारीक गळतीतून हवा आत शिरते आणि संघनक गुदमरतो. आयसोब्युटेनचा दाब उणे २० अंशांलाही तिथल्या हवेच्या ०.५९ बारपेक्षा वर राहतो. अर्थात दोन्ही ज्वालाग्राही आहेत, साठ्याच्या परवानगीला वेळ धरा. आणि कार्बोनेटयुक्त पाणी विहिरीत ज्या खोलीवर उकळायला लागते, त्या खोलीवर चुनखडीचा थर बसतो. काही महिन्यांत विहिरीची आतली वाट निम्मी होऊ शकते. उपाय म्हणजे बारीक नळी उकळण्याच्या खोलीच्या खाली सोडून रोधक रसायन दर दशलक्ष भागांत काही भाग सतत टोचणे, किंवा खोल पंप बसवून पाणी उकळूच न देणे.

वीज घेणार कोण, हेही लिहा. लेह श्रीनगरच्या बाजूने राष्ट्रीय ग्रिडला २०१९ पासून जोडलेले आहे, पण पुगा तिथून खूप दूर. सातशे किलोवॉट वीज तारा ओढून लेहला नेण्यापेक्षा जवळच्या वस्तीला, शाळेला आणि छावण्यांना देणे आणि संयंत्रातून सुटणाऱ्या ७० अंशांच्या पाण्याने खोल्या तापवणे, यात जास्त अर्थ आहे. उणे २५ अंशांच्या रात्री वाचलेले डिझेल आणि रॉकेल ही तुमची खरी मिळकत. तिचा हिशेब विजेच्या दराच्या शेजारी मांडा. नुसत्या दरावर १ मेगावॉटचा प्रात्यक्षिक प्रकल्प सौरऊर्जेपुढे उभाच राहत नाही, आणि राहील असे भासवूही नये.

आता पैशाचे नियम. अनुदान हप्त्यांनी येते. प्रत्येक पुढच्या हप्त्याला सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र लागते. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज तुमचे नसते, परत करायचे असते. अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे वर म्हटलेले 'यंत्र दुसरीकडे हलवू' हेसुद्धा मंजुरीपत्रात आधीच लिहून घ्यावे लागते. आणि सर्वांत जास्त रडवते ते कॅलेंडर. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, लडाखमध्ये खोदकामाचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. मंजुरी ऑगस्टमध्ये आली, निविदा काढली, तोवर पाणी गोठायला लागले. मार्चअखेर 'खर्च शून्य' दिसतो आणि पुढचा हप्ता अडतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात केवळ केसिंग, विहीरतोंडाची उपकरणे आणि सर्वेक्षण घाला, खोदकाम दुसऱ्या वर्षावर टाका. समितीला हे कारण एका वाक्यात सांगितले की पटते.

कोकणाकडे येतो. पालघरमधल्या कोकनेरपासून खाली रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची रांगच आहे. सातिवली, गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी आणि इतर. पृष्ठभागावर ३५ ते ७१ अंश, सर्वांत गरम रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे. एखाद्या ठिकाणी सेकंदाला ५ लिटर पाणी ७० अंशांना मिळाले आणि ते ४५ अंशांपर्यंत उतरवले असे धरा. उष्णता मिळाली ५२५ किलोवॉट. त्यावर बायनरी संयंत्राची कार्यक्षमता ४-५ टक्के, म्हणजे जेमतेम २४ किलोवॉट. कोकणात थंड करायला मिळणारे पाणीच २८-३० अंशांचे, शिवाय पंपांचा खर्च. हातात दहा-पंधरा किलोवॉट. एवढे तर शाळेच्या छतावरचे सौरपॅनेल देतात.

तीच ५२५ किलोवॉट उष्णता वाळवणीला लावली, तर १ किलो पाणी उडवायला ५ मेगाज्यूल धरून तासाला साडेतीनशे किलोपेक्षा जास्त ओलावा निघतो. कोकणात उन्हाळ्यात ऊन फुकट आहे, तेव्हा वाळवणयंत्राला गिऱ्हाईक नाही. त्याची किंमत कळते ती मेअखेर, कोकमाची उशिराची फळे वळवाच्या पावसात सापडतात तेव्हा. पुढे पावसाळाभर फणसपोळी आणि काजू, आणि १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर मासळी, जी ओल्या हवेत वाळतच नाही. मासळीसाठी कोठी वेगळीच ठेवा, त्या वासात कोकम कुणी घेणार नाही. झऱ्याचे पाणी थेट वाळवणयंत्रात फिरवू नका. मध्ये उघडून धुता येणारा पट्टी-उष्णताविनिमयक ठेवा आणि पलीकडे गोडे पाणी फिरवा. क्लोराइडचे प्रमाण जास्त निघाले तर साधे ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद खड्डे पडून गळते, ३१६ प्रतीचे किंवा टायटेनियम घ्या.

झऱ्याजवळ बोअर मारण्याआधी दोन गोष्टी. महाराष्ट्राचा भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणतो, त्यामुळे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आधी जा, महाऊर्जा या राज्याच्या नवीकरणीय ऊर्जा संस्थेकडे नंतर. आणि कुंडाचे पाणी देवस्थानाचे असते. बोअर चालू झाला आणि कुंडातला झरा आटला, तर तुमचा प्रकल्प त्याच संध्याकाळी बंद होईल. म्हणून वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, कुंडाचा प्रवाह आणि तापमान मोजून गावासमोर वहीत लिहून ठेवा, पावसाळ्यासकट. बादली, स्टॉपवॉच आणि थर्मामीटर एवढ्यावर हे होते, त्याला कुठलेच अनुदान लागत नाही. तीच वही पुढे प्रस्तावाला पहिले परिशिष्ट म्हणून जोडायची.